थोरल्या कॅमशाफ्टाची स्वारी आणि आंबिलीची घागर

श्रीबिरुदेव समर्थ. सोलापूर शहरी, होटगी रस्त्यास राहणार, टॉवेल-चादरींचे गठ्ठे वाहणार, एका पिकअप गाडीचे धनी, राजमान्य राजश्री उदयसिंहराव यांणी आपले इंजिनात कॅमशाफ्ट कोणता घालावा ये विषयी जी मसलत मांडिली, जी नामुष्की सोसली आणि सरतेशेवटी जी फत्ते केली, तिची साद्यंत हकीकत येथे लिहिली आहे. थोरांचे पदरी बखरनवीस असतात. रावांचे पदरी कोणी नव्हते. शेजारी विचारोन पाहिले, तो शेजारी हसत हसत घरात गेला आणि कडी लाविली. सबब रावांनीच लेखणी हाती धरिली. जेथे रावांची स्तुती आढळेल तेथे ती कोणी लिहिली हे वाचणारांनी ध्यानी ठेवावे, आणि जेथे फजिती आढळेल ती राणीसाहेब उत्कर्षाबाई यांणी समक्ष बसोन लिहवून घेतली आहे.

प्रथम गाडीचे वर्णन. गाडी जुनी, पेट्रोलावर चालणार, रंगे करोन पांढरी म्हणावी तर होटगी रस्त्याच्या धुळीने तो हक्क ठेविला नाही. डावे दार आतून उघडत नसे, बाहेरून उघडावे तर बुक्की मारावी लागे. परंतु रावांचे दृष्टीस ती पंचकल्याणी घोडी. आठवडाभर तीत गठ्ठे घालावे, यंत्रमागांच्या पेठेतून गोदामी पोचते करावे, आणि सुटीचे दिवशी मोकळ्या माळावर नेऊन सरळ रेषेत बेफाम पळवावी, हा रावांचा शिरस्ता. या पळविण्यास ड्रॅग रेस म्हणतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करितात, रुमाल पडतो, आणि पाव मैलाचे आत कोण शूर, कोण गाफील, याचा निवाडा होतो. राव पुष्कळदा गाफील ठरत. ते म्हणत, रुमाल उशिरा दिसला.

आता मोहिमेचे मूळ. अक्कलकोटाचे दक्षिणेस बिरुदेवाची वस्ती म्हणोन लहान गाव आहे. ते उत्कर्षाबाईंचे माहेर. तेथे बाईंच्या मातोश्री निंगव्वा राहतात आणि त्यांचे घरी आंबिलीचा मान आहे. जत्रेचे दिवशी ज्वारीच्या आंबिलीने भरलेली घागर गाडीत ठेवावी, धरणारीने मांडीशी धरावी, पुढे धनगरी ढोल चालावे, मागे गाडीने पावलांच्या चालीने चालावे, आणि वेशीपासोन देवळाच्या पायरीपावेतो बैलाने वाटेत बसू नये. बैल बसला तर मान पुढल्या घरी जातो आणि परत येत नाही. पुढे बैल सरले, वस्तीत पिकअपा आल्या, तेव्हा पंचांनी विचार करोन ठराव केला की इंजिन बंद पडले म्हणजे बैल बसलाच समजावा. आणखी एक कलम असे, की जी गाडी मिरवणुकीत नीट चालेल तीच मग माळावर शर्यतीत पळेल. देवापुढे जिला धीर नाही तिला माळावर जोर दाखविण्याचा अधिकार नाही, हा त्या कलमाचा भावार्थ.

निंगव्वांचे यजमान वारले, मग त्यांची बैलजोडीही म्हातारी होऊन गेली, आणि यंदा घागर कोणी न्यावी हा पेच पडला. पुढले घर चुलतपुतणे अभिमन्यू यांचे. त्यांची डिझेलची, टर्बोची, नवी कोरी पिकअप दारी उभी. तेव्हा निंगव्वांनी लेकीस फोनावर हुकूम फर्माविला, की जावयाची गाडी घेऊन यावे. निंगव्वांस त्या घागरीखेरीज दुसरे वैभव नव्हते. सून होऊन आल्या त्या वर्षापासोन ती त्यांच्याच मांडीशी होती, आणि जत्रेखेरीजच्या दिवशीही त्या तीस चिंचेने घासोन ठेवीत. हे राव जाणत होते. परंतु फोन ठेवताच रावांचे मनात घागर आली नाही. अभिमन्यूंची टर्बो आली.

अभिमन्यू सलग शर्यत जिंकत आले होते आणि जिंकल्यावर नम्रपणे हसत, तेच रावांस जास्त लागे. मग राव तडक भीमा मिस्त्रींचे गॅरेजात दाखल जाहले. हे भीमाजी रावांचे सरलष्कर. हात बरा, जबान खरी, परंतु जोराची गोष्ट निघाली की त्यांचेही डोके ठिकाणी राहत नसे. ऐसे दोन पुरुष एके जागी जमले म्हणजे शहाणपण मागल्या दाराने निघोन जाते. उभयतांनी पाने खाल्ली आणि कोइमतूर प्रांतीहून तीन कॅमशाफ्ट मागविले, की एक घालून पाहावा, न रुचल्यास दुसरा.

कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे ज्यांनी आयुष्यात सुखाने गाडी चालविली त्यांस ठाऊक नसते. इंजिनाचे आत एक पोलादी दांडा फिरतो, त्यास उंचवटे असतात, आणि ते उंचवटे इंजिनाचे दरवाजे उघडतात, म्हणजे एका दरवाजाने पेट्रोल-हवा आत यावी आणि दुसऱ्याने धूर बाहेर जावा. दांडा हा किल्ल्याचा देवडीवाला. धाकटा दांडा दरवाजे बेताने उघडतो. गाडी शांत चालते आणि शर्यतीत शांतच राहते. थोरला दांडा दरवाजे सताड आणि पुष्कळ वेळ उघडे ठेवितो. इंजिन जोरात फिरू लागले म्हणजे आत इतकी रसद येते की गाडी उधळते. मात्र हळू चालताना दोन्ही दरवाजे एकदमच उघडे राहतात, आलेली रसद या दाराने येऊन त्या दाराने निघोन जाते, आणि किल्ल्यात कोणाचा कोणास मेळ राहत नाही. तिसरा तो मधला. मधल्याची कोणी बखर लिहीत नाही.

उत्कर्षाबाई झेडपीच्या शाळेत शिक्षिका. त्या घरी आल्या, तो स्वयंपाकाच्या ओट्यावर तीन दांडे टॉवेलावर मांडलेले, आणि राव त्यांजकडे नवरी पाहावयास आल्यासारखे पाहत बसलेले. बाईंनी विचारिले, की मिरवणुकीत चालंल त्यो कुठला? रावांनी थोरल्यावर हात ठेवोन सांगितले, की जो पळतो त्यास चालणे काय अवघड. बाईंनी पुन्हा विचारिले, "खरंच?" राव म्हणाले, "व्हय की." या दोन शब्दांनी पुढील सारा अनर्थ केला.

मग भीमाजींनी इंजिन उघडिले, थोरला दांडा आत बसविला, आणि किल्ली फिरविली. जो आवाज निघाला तो काय वर्णावा! धड्-धड्, धडाड्, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा धडाड्. सारी गाडी जागच्या जागी थरथरू लागली, आरसा आपणहून फिरून आभाळ दाखवू लागला, आणि रस्त्याने जाणारे थांबोन पाहू लागले. रावांचे डोळां पाणी आले. काही आनंदाचे होते, काही धुराचे. इतक्यात इंजिन बंद पडले. पुन्हा चालू केले, पुन्हा बंद पडले. भीमाजी म्हणाले, "काय न्हाय, जरा रेस वाढवून ठिवू." मग त्यांणी स्क्रू पिळोन इंजिनाच्या फेऱ्या वाढविल्या, गाडी चालू राहिली, आणि उभयतांनी एकमेकांस आलिंगन दिले. दोघांनी गाडी उभी असताना तपासली. ती पहिल्या गिअरात किती वेगाने चालते हे पाहावे, असे रावांस सुचले नाही आणि सरलष्करांसही नाही. उभ्या घोड्याची परीक्षा करोन दोन शहाणे पाने थुंकावयास गेले.

जत्रेचे आधी मिरवणुकीची तालीम करण्याची वस्तीत चाल आहे. ढोलांचे म्होरके सिदू यांणी पथक उभे केले, निंगव्वा नवे लुगडे नेसोन मागे बसल्या, घागरीत तालमीपुरते पाणी भरिले होते, आणि राव चाकावर बसोन चहूकडे कृपादृष्टीने पाहू लागले. अभिमन्यू कट्ट्यावर बसले होते. गाडीची गर्जना ऐकोन ते उठोन उभे राहिले. तेवढा एक क्षण ही मोहीम रावांची होती, आणि तो येथे मुद्दाम नोंदविला आहे, कां की पुढे तसा मजकूर नाही.

ढोल वाजला. रावांनी क्लच सोडिला आणि गाडी निघाली, ती चालीने निघाली नाही. वाढविलेल्या फेऱ्या तीस पुढे लोटू लागल्या, ढोलवाल्यांनी मागे पाहिले, पावले उचलिली, मग भरभर उचलिली, मग ढोल पोटाशी धरोन धावू लागले, आणि धावताना वाजविणे सोडू नये हा धर्म असल्याने वाजवीतही राहिले. सिदू ओरडले, "राव, देव मागं ऱ्हायला की!" रावांनी ब्रेक दाबिला. ब्रेकास जी मदत इंजिनाच्या हवा ओढण्यातून मिळते ती थोरल्या दांड्याने खाऊन टाकिली होती. पायाखाली ब्रेक नव्हे, दगड आला. मागून निंगव्वा टपावर थापा मारोन कानडीत "मेल्लगे! मेल्लगे!" म्हणजे हळू, हळू, म्हणोन ओरडत होत्या. तेव्हा रावांनी ढोल वाचविले आणि गाडी उजवीकडे कडब्याच्या गंजीत घातली. गंज पडली, इंजिन बंद पडले, घागर आडवी जाहली, आणि सारे पाणी मातोश्रींचे नव्या लुगड्यावर गेले. कोणास इजा जाहली नाही, देवाची कृपा. रावांस मात्र वाटले, थोडी जाहली असती तर लोक हसले नसते.

रावांनी उतरू पाहिले तो डावे दार उघडेना आणि उजव्या बाजूस कडबा, तेव्हा खिडकीतून निघाले. अभिमन्यू धावत आले, त्यांणी निंगव्वांस हात देऊन उतरविले, आणि वाईट हेतू न ठेविता, अगदी मायेने म्हणाले, "काकी, घागर आमच्या गाडीत ठिवा की. आपलीच हाय." सारी वस्ती ऐकत होती. निंगव्वांनी घागरीस पडलेला पोचा अंगठ्याने चाचपला, ती कडेवर घेतली, आणि ओल्या लुगड्याने घरी चालत्या जाहल्या.

परतीची वाट लागली. अक्कलकोट गेले, वळसंग गेले, आणि राव एकट्यानेच हवापाण्याविषयी बोलत राहिले. घर आले तेव्हा बाईंनी फर्मान सोडिले, ते शब्दशः असे: "तुमाला अभिमन्यूला हरवायचं हाय का आईचा मान राखायचा हाय, येवडं ठरवा. मला दोन्ही जमतंय म्हणून सांगू नका. आई घागर घासत बसली आसंल आत्ता." आणि आत गेल्या. बाई शाळेत प्रमाण बोलतात आणि घरी रागावल्या म्हणजे वस्तीचे बोलतात. ते ऐकले की राव जागच्या जागी उभे राहतात.

आता खरा शूर असता तर त्याच क्षणी उठोन दांडा बदलता. राव खरे शूर नव्हते. त्यांणी प्रथम तहाची बोलणी लाविली. सिदूंस फोन करोन सुचविले, की यंदा ढोल थोडा जलद घेतला तर मिरवणुकीस शोभा येईल. सिदू म्हणाले, "राव, देव पळत नसतोय. पळत्यात ती मानसं." मग राव भीमाजींकडे गेले, की सारी वाट क्लच अर्धा दाबोन न्यावी काय? भीमाजींनी सांगितले, की देऊळ येण्याआधी क्लच जळेल आणि भंडाऱ्यात धुराची भर पडेल. भीमाजींनीही तोंड पाडले होते. गंज पडल्याची बातमी त्यांस लागली होती आणि स्क्रू आपणच पिळिला हे त्यांस ठाऊक होते. मग दोघे गाडीच्या मडगार्डावर बसले. अखेरीस राव म्हणाले, "काढ भाऊ." आणि तोंड फिरविले.

थोरला दांडा निघाला. तेलाने चकचकीत, उंचवटे कसे भरदार! राव त्यास पुसत राहिले. खरे सांगावे तर फार वाईट वाटले. अभिमन्यूंचे पुढे एकदा तरी धूळ उडवावी, एवढीच या जन्मीची हौस होती, आणि ती आता टॉवेलात गुंडाळून फळीवर ठेवावयाची होती. ती ठेविली. मग धाकटा घालावा की मधला, यावर वाद जाहला. भीमाजी मधला म्हणाले, राव रुसोन धाकटा म्हणाले, की हरावयाचेच तर पुरते हरू. तेव्हा उत्कर्षाबाईंनी निवाडा दिला, की जो घागर नेईल तो. मधला घातला. मग बाई स्वतः पाण्याची कळशी मांडीशी घेऊन मागे बसल्या, रावांनी गाडी मागांच्या पेठेत नेली, आणि टॉवेलांनी लादलेल्या एका हातगाडीच्या मागे तिच्याच चालीने चालविली. हातगाडीवाला वैतागला, की ओलांडून जा की! राव म्हणाले, आम्हास जावयाचे नाही, तुम्हांमागेच राहावयाचे आहे. त्यास हे वेडेपण वाटले आणि तो भिऊन जलद चालू लागला. गाडी किंचित कुरकुरली, परंतु बंद पडली नाही, ब्रेक लोण्यासारखा लागला, आणि कळशीतील पाणी हलले, सांडले नाही. बाईंनी मागून उतरोन डाव्या दारास बुक्की मारिली, ती मात्र हळू.

मग जत्रेचा दिवस उगवला. बाईंनी सोलापुराहून निघतानाच सांगितले होते, की आज पायाला आवरा. वेशीवर गर्दी लोटली, ढोल लागले, निंगव्वा घागर घेऊन मागे बसल्या, शेजारी उत्कर्षाबाई. अभिमन्यूंची टर्बो पाठीमागे, न बोलता, नम्रपणे. पंच दोन्ही बाजूंनी कान देऊन चालू लागले. गाडी चालली. ढोल थांबले की गाडी थांबे, ढोल चालले की चाले, आणि मधला दांडा आपले दरवाजे इमानाने उघडीत मिटीत होता. रावांस प्रथमच कळले, की गाडी पळविण्यात जितका घाम येत नाही तितका ती न पळविण्यात येतो.

देवळापुढे चढ आहे. त्या चढावर ढोलवाले रिंगण धरोन नाचतात आणि गाडीने मध्येच तिष्ठावे लागते. तेथेच लोकांनी भंडारा उधळिला, काच पिवळी जाहली, पुढचे काही दिसेना, आणि रावांनी वायपर लाविला तो सारा भंडारा काचेस सारविला गेला. मग ढोल पुन्हा चालले, ते रावांस आवाजावरून कळले. रावांनी क्लच सोडिला, इंजिन खोल गेले, एकदा खोकले, आवाज पडत चालला, पंचांपैकी एकाने मान वर केली. रावांचा पाय शिवशिवला, की दाबावा. दाबिला असता तर गाडी ढोलांवर जाती. न दाबावा तर बैल बसतो. राव घाबरले, फार घाबरले. त्यांस मनात घागर दिसली, तिचा पोचा दिसला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांणी पाय एवढा हळू ठेविला, जसे बाईंनी रांगोळीचे बोट ठेवावे. इंजिनाने दम खाल्ला. मग उचलिले. गाडी चढ चढोन पायरीशी आली. मागून निंगव्वांचा आवाज आला, "साकु!" म्हणजे पुरे, आणि रावांनी गाडी पायरीशी उभी केली. थेंब सांडला नव्हता. पंचांनी जाहीर केले, की मान निंगव्वांचे घरी कायम.

त्याउपरी माळावर शर्यत जाहली. तिचे वर्णन थोडक्यात करणे रावांचे हिताचे आहे. रुमाल पडला, या खेपेस रावांस वेळेवर दिसला, आणि निम्म्या माळापावेतो दोन्ही गाड्या जोडीने गेल्या. रावांनी शेजारी पाहिले. अभिमन्यूही पाहत होते, आणि प्रथमच हसत नव्हते. मग जेथे थोरला दांडा जोर धरिता, तेथे मधल्याचा जोर सरला, आणि टर्बो निघोन गेली. उरली ती धूळ, आणि ती रावांनी खाल्ली. अभिमन्यू परत येऊन म्हणाले, "दाजी, लई दमवलं की हो." राव म्हणाले, बरे. पोटात मात्र दुखले, आणि हे लिहिताना अजून दुखते.

राव देवळाकडे परतले तेव्हा आंबील वाटणे सुरू व्हावयाचे होते. वस्तीत रीत अशी, की पहिली वाटी कोणा माणसास द्यावयाची नाही. ज्याने घागर ओढून आणली त्या बैलास ती पाजतात, मग पंच, मग गाव. बैल नाहीत, तेव्हा पहिली वाटी कोणाची, यावर लोक कुजबुजू लागले. कोणी म्हणाले बॉनेटावर ओता, कोणी म्हणाले चाकास लावा. निंगव्वा वाटी भरोन गाडीपाशी आल्या. बॉनेटास हात लाविला, चटका बसला, काढोन घेतला. मग वळल्या आणि सरळ रावांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

लग्न जाहल्यापासोन त्या रावांशी पदराआडून बोलत आणि पाव्हणं म्हणत. आता त्यांणी भंडाऱ्याची मूठ रावांचे कपाळी भरिली, वाटी ओठांस लाविली आणि सांगितले, "पी." राव पिऊ लागले. निंगव्वांनी त्यांचे पाठीवर दोन थापा मारिल्या, जोराने, जशा राबून आलेल्या बैलाच्या पाठीवर मारितात, आणि गावाकडे तोंड करोन म्हणाल्या, "माजा बैल बसला न्हाय." मग डोळे पुसले. उत्कर्षाबाई हसत होत्या आणि त्याही डोळे पुसत होत्या.

येणेप्रमाणे राजमान्य राजश्री उदयसिंहराव यांणी मधल्या दांड्याचे बळावर, सरलष्कर भीमाजी यांचे साह्याने आणि राणीसाहेबांचे धाकाने, बिरुदेवाचे वस्तीची मोहीम फत्ते केली, आंबिलीचा मान राखिला, आणि शर्यत हरोन भर गावात बैलाची पदवी मिळविली, ती त्यांणी सर्व किताबांहून थोर मानिली. आंबील आंबट होती, थंड होती, फार गोड लागली. रावांनी वाटी रिकामी करोन पुन्हा पुढे केली. दुसरी मिळाली नाही, कां की बैलास एकच असते.